डाव्या दारावरचा दिवा

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास फ्यूजमास्तर त्या दोघी बहिणींच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा काम अगदी साधं होतं. उभ्या गाडीची बॅटरी उतरली होती. लोक गाडी घेतात, चार दिवस हौसेने फिरवतात, मग ती आपली गॅरेजमध्ये पडून राहते; आणि एक दिवस किल्ली फिरवली की नुसतं टक्-टक्. मग मास्तरांना फोन. गाड्यांच्या विजेच्या कामात त्यांची तीस वर्षं गेली होती. खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे फ्यूजमास्तर म्हणायचे, आणि गंमत अशी की त्यांचा स्वतःचा फ्यूज उडालेला कुणी पाहिला नव्हता. गिऱ्हाईक कितीही तडकलं तरी हा माणूस आपला शांतपणे टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धूत बसलेला. बायको म्हणायची, "यांचं अर्थिंगच पक्कं आहे हो!"

घर गल्लीच्या टोकाला होतं. बसकं, स्वच्छ, खिडक्यांना फिके निळे पडदे. घराला लागूनच गॅरेज, आणि गॅरेजमधून थेट बैठकीच्या खोलीत उघडणारं एक दार. गाडी जुनी, मातकट हिरवी, पण अशी पुसलेली की बॉनेटमध्ये तोंड दिसावं.

थोरली बहीण रुग्णालयाच्या औषधभांडारातून नुकतीच निवृत्त झाली होती. उंच, काटक, शब्द मोजून बोलणारी. धाकटी वाचनालयात जुनी पुस्तकं शिवायची; तिच्या बोटांना कायम खळीचा वास, आणि तोंड काही केल्या मिटायचं नाही. दोघींचीही लग्नं झाली नव्हती. आई गेल्याला चार वर्षं झाली होती, एवढं धाकटीने मास्तरांनी पेटी खाली ठेवायच्या आत सांगून टाकलं.

मास्तरांनी मीटर लावून पाहिलं. साडेअकरा व्होल्टसुद्धा नाही.

"गाडी कधी चालवलीत शेवटची?"

"चालवत नाही," थोरली म्हणाली.

"अहो, पण आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास फिरवायला हवी. नुसतं जागच्या जागी इंजिन सुरू करून भागत नाही. बॅटरीला चार्जर हा सलाइनसारखा. खरं जेवण म्हणजे फेरी."

"चालवत नाही," थोरली पुन्हा म्हणाली.

"बरं. मग सोपा उपाय आहे. ही काळी वायर काढून ठेवतो. सहा महिने बघायला नको."

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं आणि धाकटी पळाली.

"वायर काढायची नाही," थोरली म्हणाली. "बॅटरी भरलेली राहिली पाहिजे. दर मंगळवारी याल का तुम्ही?"

मास्तरांनी मान डोलावली. गिऱ्हाइकाची तऱ्हा म्हणून सोडून दिलं.

हळूहळू त्यांना मंगळवार आवडायला लागला. गॅरेजमध्ये गारवा असायचा. चार्जरची बारीक गुणगुण, दारातून येणारा आल्याच्या चहाचा वास, धाकटीच्या गप्पा. कुठल्या पुस्तकात कुणाचं कसलं पत्र सापडलं, कुणी पानात मासळीचा काटा खूण म्हणून ठेवला होता. मास्तर ऐकत बसायचे. दिवसभर हॉर्न आणि धूर खाणाऱ्या माणसाला याहून काय हवं?

पण एक गोष्ट डोक्यात कुसळासारखी टोचत होती. बॅटरी टिकत नव्हती. मंगळवारी बारा पूर्णांक सहा व्होल्टवर काठोकाठ भरायची, पुढच्या मंगळवारी पुन्हा मेलेली. मास्तरांनी नवी बॅटरी बसवली. तिचीही तीच गत. म्हणजे दोष बॅटरीचा नव्हता. गाडीतच काहीतरी चोरून वीज पीत होतं. मास्तरांनी हिशेब मांडला. एखादा छोटा दिवा रोज काही तास जळत राहिला, तर एवढी वीज जाईल. पण बंद गाडीत दिवा लावणार कोण?

पाचव्या का सहाव्या मंगळवारी त्यांनी ठरवलं, आज चोर पकडायचाच. काळी वायर सोडवून मधे ॲम्पिअर मोजायचा मीटर जोडला, गाडीची चारही दारं नीट लावली आणि एक उपडा क्रेट ओढून समोर बसले.

"उशीर होईल हो तुम्हाला," धाकटी दारातून म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा वाटला. "साडेपाचला निघता ना तुम्ही नेहमी?"

"आज थांबतो. चोर सापडल्याशिवाय हलायचं नाही."

ती काही बोलली नाही. धाकटी गप्प बसली, हे खरं तर तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मीटरवर शून्य पूर्णांक शून्य तीन. घड्याळ आणि अलार्म तेवढं खातातच. पाच वाजले. साडेपाच वाजले. आकडा हलला नाही. बाहेर ऊन कलत गेलं, गॅरेजच्या झरोक्यातून येणारा पट्टा भिंतीवर चढत चढत विझला. ऑइलचा आणि रबराचा ओळखीचा वास दाटला. कुठेतरी नळ ठिबकत होता. मास्तरांना पेंग येऊ लागली.

पावणेसहाला मीटरचा आकडा उडी मारून शून्य पूर्णांक पंचेचाळीसवर गेला.

मास्तर ताठ झाले. सापडला! ते गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि गाडीच्या काचेतून डोकावले.

मागच्या डाव्या दारावर बोटभर लांबीचा एक दिवा होता. ते दार उघडलं की लागणारा. दार बंद होतं. दिवा लागला होता. पिवळा, मंद, सीटवर रुमालाएवढा उजेड टाकणारा.

दाराच्या चौकटीतलं बटण अडकलं असेल, मास्तरांच्या मनात आलं. तीस वर्षांत असली शंभर बटणं त्यांनी बदलली होती. ते अजून खाली वाकले... आणि थांबले.

त्या उजेडात सीटची गादी हळूहळू खाली दबत होती.

एकदम नाही. गुडघे दुखणारं माणूस जसं आधी टेकतं, मग जरा मागे सरकतं, मग पाठ टेकवतं... तशी. गाडीच्या स्प्रिंगने बारीक कुरकुर केली. बंद काचेतूनसुद्धा वास आला; गरम इस्त्रीच्या सुती कापडाचा आणि अंगाला लावायच्या पावडरीचा. मग पर्सची कडी लागावी तसा आवाज. कट्.

मास्तरांच्या हाताला तीस वर्षांची सवय. चोर सापडला की फ्यूज काढायचा. मेंदूने काही ठरवायच्या आत पुढचं दार उघडून हात डॅशबोर्डखालच्या डबीपर्यंत पोचला, आणि दिव्याचा फ्यूज त्यांनी उपटला.

दिवा विझला.

क्षणभर काही झालं नाही. मग गाडी डाव्या बाजूने हलकेच वर उचलली गेली. दार उघडलं नाही, पण फरशीवर चपलांचा आवाज आला. सपक... सपक... सपक. दमाने, भिंतीच्या आधाराने चालल्यासारखा. तो गाडीच्या मागून वळला, मास्तरांच्या अगदी शेजारून गेला. त्यांच्या दंडाला कापडाचा ओझरता स्पर्श झाला, आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे तो गार नव्हता. ऊबदार होता.

आवाज घरात गेला.

मास्तर यंत्रासारखे त्या आवाजामागून गेले. पळावं असं वाटलंच नाही. पळायला जी शुद्ध लागते तीच नव्हती. बैठकीच्या खोलीत दाराजवळ वेताची एक खुर्ची होती. आजवर त्या खुर्चीत कुणी बसलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांदेखत तिची विणलेली बैठक करकरत खोलगट झाली.

समोर चहाचा ट्रे घेऊन थोरली उभी होती. कपबश्या बारीक किणकिणत होत्या.

"मास्तर..." ती अगदी हळू म्हणाली. "काय काढलंत तुम्ही?"

"फ्यूज... त्या दिव्याचा..."

"परत लावा."

मास्तर वळले.

"आणि हळू. घाई केलेली तिला आवडत नाही."

फ्यूज जागेवर बसायला तीन प्रयत्न लागले. बसला. दिवा मात्र लागेना. मास्तर भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मग सपक... सपक... पावलं परत आली, गादी दबली, आणि तो पिवळा दिवा पुन्हा लागला.

चहा तिघांनी स्वयंपाकघरात घेतला. मास्तरांच्या कपात धाकटीने न विचारता तीन चमचे साखर घातली.

"आई आहे," ती म्हणाली. एखाद्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं. "आधी आम्हीही घाबरलो होतो हो. मी तर महिनाभर ताईच्या खोलीत झोपले. मग म्हटलं, आईच ना, कोण परकं आहे?"

आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. जन्मभर एका खुर्चीत बसून दुसऱ्यांचे आवाज इकडून तिकडे जोडून दिले. निवृत्त झाली तेव्हा ही गाडी तिने स्वतःच्या पैशाने घेतली, आणि चालवायला थोरलीला शिकायला लावलं. "आता मला फिरव," म्हणाली. मग रोजचा नेम ठरला. थोरली कामावरून यायची सहाला. आई पावणेसहालाच तयार होऊन, पर्स घेऊन, मागच्या डाव्या सीटवर जाऊन बसायची. दार उघडं ठेवून, त्या छोट्या दिव्याखाली. मग तिघी तळ्यापर्यंत जाऊन यायच्या.

"त्या दिवशी भांडारात वार्षिक तपासणी होती," थोरली सांगू लागली. ती टेबलाकडे बघत होती. "मी घरी फोन केला. म्हटलं, आई, आज नको, उद्या जाऊ. ती म्हणाली, बरं. पण ती आधीच तयार झाली असणार... तशीच जाऊन बसली. हीसुद्धा त्या दिवशी वाचनालयात अडकली होती. मी आले नऊला. गॅरेजमध्ये दिवा दिसला. अगदी लालसर, विझत आलेला. आई मान कलती करून बसलेली. अंग कोमट होतं, मास्तर. श्वास... मला वाटलं, आहे. मी पुढे बसून किल्ली फिरवली."

मास्तरांना पुढचं कळलं. तो आवाज त्यांनी हजारदा ऐकला होता.

"टक्-टक्," थोरली म्हणाली. "बॅटरी जुनी झाली होती. बदलायची राहून गेली होती. शेजारची गाडी मिळेपर्यंत अर्धा तास गेला. डॉक्टर म्हणाले, गाडी सुरू झाली असती तरी काही उपयोग नव्हता. डॉक्टर चांगले होते. चांगली माणसं असंच म्हणतात."

तेव्हापासून तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"बॅटरी भरलेली असली की ती गाडीत बसते," धाकटी म्हणाली. "दोन-अडीच तास. मग जाते. बॅटरी उतरली, दिवा लागला नाही, की घरात येते. त्या खुर्चीत."

"घरात आली तर काय करते?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही," थोरली म्हणाली. "गाडीत असते तेव्हा ती फिरायला निघालेली असते. घरात आली की वाट बघत असते. दोन्हीत फार फरक आहे, मास्तर. त्या खुर्चीसमोरून मला जाता येत नाही."

थोरलीने कप बाजूला सारला.

"महिनाअखेरीला गाडीच्या कागदांची मुदत संपते. भंगारवाला न्यायला येणार आहे. मग ती कुठे बसेल, हे मला सुचत नाही."

मास्तर घरी गेले. बायको ओट्यापाशी भाजी निवडत होती, तिला त्यांनी सगळं सांगितलं. ती हसली नाही, घाबरलीही नाही. शेंगेचा दोर काढता काढता म्हणाली, "अहो, तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरता ना, नुसत्या चार्जरने भागत नाही, फेरी लागते म्हणून?"

"मग?"

"मग काय मग? चार वर्षं ती बाई तयार होऊन बसली आहे. आणि तुम्ही सगळे मिळून तिचा दिवा तेवढा चालू ठेवताय."

मास्तरांची तीस वर्षं वायरी शोधण्यात गेली, आणि फॉल्ट सापडला तो भाजी निवडणाऱ्या बाईला.

थोरलीला पटवायला दोन दिवस गेले. आधी ती नुसतंच नाही म्हणाली. मग म्हणाली, हात कापतात. मग म्हणाली, रस्ते बदललेत. मग धाकटीने, जी आयुष्यात मोठ्या बहिणीच्या शब्दाबाहेर गेली नव्हती, हातातली सुई खाली ठेवली. "ताई, 'उद्या' तू म्हणाली होतीस. तो उद्या अजून उजाडलेला नाही."

थोरली उठून आत गेली. मास्तरांना वाटलं, संपलं. पण ती परत आली तेव्हा डोळ्यांवर लांबचा चष्मा होता.

पुढच्या मंगळवारी मास्तरांनी सकाळीच येऊन सगळं तपासलं. टायरची हवा, ब्रेक, पाणी, ऑइल. बॅटरी काठोकाठ. साडेपाचला थोरली स्टिअरिंगमागे बसली, मास्तर शेजारी, धाकटी मागे उजव्या बाजूला. गॅरेजचं मोठं दार उघडं होतं.

पावणेसहा.

मागे दिवा लागला. गादी दबली. पावडरीचा वास आला. कट्.

"आई आली?" थोरलीने विचारलं. तिने आरशात पाहिलं नाही.

"आली," धाकटी पुटपुटली.

थोरलीने किल्लीला हात घातला. "उशीर झाला गं आई... फारच उशीर झाला." मग तिने नाक ओढलं आणि एकदम कामावरच्या आवाजात म्हणाली, "चला. निघू या."

किल्ली फिरली. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आयुष्यात कुठलाही आवाज त्यांना एवढा गोड वाटला नव्हता. गाडी दोन गचके खाऊन बाहेर पडली, कोपऱ्यावर एका सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि मोठ्या रस्त्याला लागली.

मास्तरांनी आधी मुठी आवळून धरल्या होत्या. पाठीमागे, हातभर अंतरावर, जे कुणी बसलं होतं त्याची जाणीव मानेवर काट्यासारखी उभी होती. पण पुढे पुढे काय झालं, त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. संध्याकाळ सुरेख पडली होती. खिडकीतून ओल्या गवताचा वास येत होता. थोरलीचे हात स्थिर झाले, तिने टॉप गिअर टाकला. मागून धाकटी हसली.

"काय झालं?"

"आई सरकते आहे माझ्याकडे. वळण आलं की नेहमी सरकायची ना, आणि मलाच म्हणायची, धक्के काय देतेस?"

थोरली हसली. मोठ्याने, मान मागे टाकून. मास्तरही हसले. दिवा अख्खा रस्ता लागलेला होता, जराही लुकलुकला नाही.

तळ्याकाठी चार-दोन माणसं फिरत होती. पाण्यावर शेवटचा उजेड तांब्यासारखा पसरला होता. थोरलीने गाडी काठाला लावली. "इंजिन चालू राहू दे," मास्तर हळूच म्हणाले.

पाच मिनिटं गेली असतील. गाडी मागच्या डाव्या बाजूने हलकेच वर उचलली गेली. बाहेर खडीवर चपला वाजल्या... दमाने, पण न अडखळता. पाण्याच्या दिशेने. मग वाजेनाशा झाल्या.

दिवा विझला.

धाकटीने शेजारच्या सीटवर हात ठेवला. "ऊब आहे अजून," ती म्हणाली. मग काही वेळाने, "गेली."

ते वाट बघत बसले. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. दिवा पुन्हा लागला नाही. फिरायला आलेली माणसंही निघून गेली. थोरलीने चष्मा काढून पदराने पुसला, डोळेही पुसले, आणि म्हणाली, "मास्तर, हेडलाइट लावायचं बटण कुठलं ते विसरले बघा मी."

परतीचा रस्ता कसा गेला कळलंच नाही. तिघं बोलत होते, एकमेकांचं तोडून बोलत होते. आईने एकदा चुकून दोन भांडणाऱ्या नवरा-बायकोची लाइन तिसऱ्याच माणसाला जोडून दिली होती आणि त्या बिचाऱ्याने त्यांचं भांडण मिटवलं, ही गोष्ट धाकटीने सांगितली तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग गाडी गॅरेजमध्ये होती आणि थोरली किल्ली काढत होती.

त्या रात्री मास्तर अंथरुणाला पाठ टेकताच झोपले. बहिणींनाही म्हणे अशी झोप चार वर्षांत लागली नव्हती.

पुढच्या मंगळवारी ते पोचले, तेव्हा घराचा नूरच पालटला होता. वेताच्या खुर्चीत धाकटी खुशाल मांडी घालून पुस्तक शिवत बसली होती. दिवा आठवड्यात एकदाही लागला नव्हता. मास्तरांनी मीटर लावला: बारा पूर्णांक सहा. कणभरही कमी नाही. थोरलीने भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं होतं. कागदांची मुदत नुकतीच संपली होती; गाडीची तपासणी करून ती वाढवून घ्यायची, आणि मग दर मंगळवारी फेरी. तोवर गाडी हलवायची नाही, कायदा म्हणजे कायदा, म्हणून ती तळ्यावरून आल्यापासून जागची हलली नव्हती.

तपासणीच्या फॉर्मवर गाडी किती किलोमीटर चालली आहे तो आकडा लिहायचा होता. मास्तर पुढच्या सीटवर बसले, डॅशबोर्डवरचा आकडा लिहून घेतला. मग सहज बॅटरीवरची चिकटपट्टी पाहिली. कुठलीही गाडी तपासली की तारीख, व्होल्ट आणि किलोमीटर अशा पट्टीवर लिहून चिकटवायचे, ही त्यांची पद्धत. तळ्याला गेले त्या सकाळचा आकडा तिथे होता.

त्यांनी वजाबाकी केली. चौदा.

तळं घरापासून चौदा किलोमीटरवर होतं. काठावर तसा मैलाचा दगडच आहे.

त्यांनी पुन्हा वजाबाकी केली. जायचे चौदा होते. यायचे नव्हते.

मीटर अडकला असेल. असं होतं. मास्तरांनी गाडी बाहेर काढली, कायदा बाजूला ठेवून गल्लीतून मागच्या रस्त्याने एक चक्कर मारली. मीटर बरोबर एक किलोमीटर पुढे सरकला. अगदी ठणठणीत होता.

ते गाडी आत लावून तसेच बसून राहिले, आणि परतीचा रस्ता आठवायचा प्रयत्न करू लागले. तळ्याकडे जाताना वाटेत एक लोखंडी पूल लागतो. त्याच्या पत्र्यांवर चाकं अशी खडखडतात की बोलणं थांबवावं लागतं. जाताना थांबवलं होतं. येताना... हसणं आठवत होतं, गोष्ट आठवत होती, धाकटीचा आवाज आठवत होता. काचेबाहेरचं काहीच आठवत नव्हतं. एक दिवा नाही, एक झाड नाही.

"मास्तर, चहा!" आतून हाक आली.

ते आत गेले. खोलीत छान ऊन आलं होतं. थोरली आतल्या खोलीत फॉर्म भरायला चष्मा शोधत होती, गुणगुणत होती. किती बरं वाटत होतं त्या घरात! मास्तरांनी कप उचलला, एक घोट घेतला. विचारू नये असं वाटत होतं, तरी तोंडून निघून गेलं.

"धाकट्या ताई, त्या दिवशी येताना... आपण तो लोखंडी पूल ओलांडला का हो?"

"पूल?" धाकटीने दाताने दोरा तोडला आणि हसून वर पाहिलं. "ओलांडलाच असणार की. नाहीतर आपण घरी आलो कसे?"

तिचं हसू तसंच राहिलं, पण सुईत दोरा ओवायला उचललेला हात हवेतच थांबला. आत थोरलीचं गुणगुणणंही थांबलं होतं.